साहेबासाठी केलेला रस्ता

आमच्या आळीची वाट आमच्या मालकीची आहे, आणि त्यासारखं दुर्दैव नाही. लोकांना वाटतं, स्वतःची जागा, स्वतःची वाट, मग रडता कशाला? त्यांनी एकदा पावसाळ्यात यावं आणि डांबरी रस्त्यावरच्या धाकलूच्या दुकानापासून आमच्या अंगणापर्यंत चालून दाखवावं. अंतर हाकेचं आहे. धाकलू गिऱ्हाइकावर ओरडला तर मला चुलीपाशी ऐकू येतं. पण वाट दोन्हीकडच्या भातशेतांच्या मधून, खालून जाते, आणि दरवर्षी बांध लिंपताना जो तो आपला बांध चार बोटं वाटेकडे सरकवतो. बांध जाड होतात, वाट बारीक होते. वर शेतातलं जास्तीचं पाणी सगळे बिनधास्त वाटेतच सोडतात. पाणी सोडायला वाट सगळ्यांची. दुरुस्त करायची म्हटली की कुणाचीच नाही.

ग्रामपंचायतीत गेलं की उत्तर ठरलेलं. रस्ता खाजगी जागेतून जातो, त्यावर सरकारी निधी टाकता येत नाही. हे मी तीन सरपंचांच्या तोंडून ऐकलं. तिघांनीही चहा पाजला आणि तिघांनीही हेच सांगितलं. त्या तीन सरपंचांच्या काळात शेणव्याकडे जाणाऱ्या रस्त्याला दोनदा डांबर लागलं, स्मशानाकडे काँक्रीट गेलं. मेलेल्या माणसाची सोय झाली, याचा मला आनंदच आहे. पण जिवंत माणसाला घरी यायचं असेल तर त्याने चपला हातात घ्याव्यात.

वाटेत मालक तीन. डांबराला लागून लडकूभाऊजींचं शेत, मधे राघोभाऊजींचं, आणि शेवटी घराला लागून आमचं. तिघेही एका भावकीतले. लग्नात एका पंगतीला बसतात, पण बांधावर उभे राहिले की एकमेकांना ओळखत नाहीत.

हे सगळं मी इतकी वर्षं सोसलं, पुढेही सोसलं असतं. मी धसईची, आमच्याकडेही चिखल काही कमी नाही. पण माझ्या नमीचं काय?

नम्रता माझी एकुलती एक. डाव्या पायात तिला जन्मापासून जोर नाही. पायाला पट्ट्यांचा सांगाडा आणि बगलेत कुबडी, यावर ती बारावी झाली, कॉम्प्युटर शिकली, आणि आता शहापूरला एका दुकानात लोकांचे ऑनलाइन अर्ज भरते. मागे दोन जादा चाकं लावलेली स्कूटर आहे तिची. त्या गाडीवर बसली की ती कुणाचीच मिंधी नसते. शहापूरपर्यंत एकटी जाते, एकटी येते, वाटेत कुणी म्हातारी हात दाखवेल तर तिलाही घेते. आणि संध्याकाळी धाकलूच्या दुकानापाशी आली की गाडी त्याच्या पडवीत लावते आणि मला फोन करते, ‘आई, आले.’

मग मी जाते. कोरड्या दिवसांत माझा दंड धरून ती गाडीवाटेच्या चाकोऱ्यांतून, दगड चुकवत येते. पावसाळ्यात तेही जमत नाही, कुबडी चिखलात रुतून बसते. तेव्हा आसनगावच्या कारखान्यातून तिचे बाबा येईपर्यंत ती दुकानातल्या बाकावर बसून राहते आणि ते आले की तिला पाठुंगळीला घेतात. वीस वर्षांच्या मुलीला बापाने पाठीवरून आणायचं आणि आळीने ओट्यावरून बघायचं. ती तेव्हा कुणाकडे बघत नाही, बापाच्या मानेत तोंड घालून डोळे मिटून घेते. ते मला बघवत नाही. स्कूटरवर बसून, कुणालाही फोन न करता, आपल्या दारात यायचं, एवढंच तिला हवं होतं. एवढ्याशा गोष्टीसाठी मी सरकारशी, भावकीशी आणि माझ्या घरातल्यांशी भांडत आले.

त्या वर्षी जूनमध्ये नमीनेच बातमी आणली. कुणाचा तरी अर्ज भरताना तिला दिसलं की खाजगी जागेतून जाणारी वहिवाटीची वाट असेल तरी आता दुरुस्तीला निधी मिळू शकतो. फक्त जागेच्या सगळ्या मालकांनी लेखी संमती द्यायची आणि ग्रामपंचायतीने ठराव करून वाट आपल्या दफ्तरी घ्यायची. मी ग्रामसेवकांना विचारलं, तर ते म्हणाले, हो, आहे तसं. आहे तसं, म्हणे. मी विचारलं नसतं तर ते ‘आहे तसं’ त्यांच्या खणातच म्हातारं झालं असतं.

राघोभाऊजींनी दोन दिवसांत सही केली. त्यांना ट्रॅक्टर थेट अंगणात न्यायचा होता. लडकूभाऊजींनी मात्र माझा जीव खाल्ला. आधी म्हणाले, रस्ता सरकारी झाला की जागा गेली. मग म्हणाले, रस्ता झाला की गाड्या येतील आणि म्हशी बुजतील. त्यांच्याकडे एक म्हैस आहे आणि ती कशालाच बुजत नाही, ती त्यांनाच दमात घेते. मग म्हणाले, मुहूर्त बरा नाही. मी आठवडाभर त्यांच्या ओट्यावर जाऊन बसले. शेवटी त्यांनी मनातलं सांगितलं. वाटेला त्यांच्या वडिलांचं, वाळूबाबांचं नाव द्यायचं आणि तशी पाटी लावायची. मी म्हटलं, लावू, दोन्ही तोंडांना लावू. त्यांनी सही केली. हे कळल्यावर राघोभाऊजी रुसले, कारण त्यांनाही वडील होते. त्यांना मी काय समजावलं ते सांगत बसत नाही. माझं तोंड आठ दिवस दुखत होतं.

ठराव झाला, कागद तालुक्याला गेले आणि सप्टेंबरच्या शेवटी निरोप आला. बांधकामाचे साहेब शनिवारी दुपारी वाट बघायला येणार. ते बघून अहवाल लिहिणार, आणि त्या अहवालावर निधी.

मी आळीतल्या सगळ्यांना सांगितलं, कुणी काही करायचं नाही. साहेबाला वाट जशी आहे तशी दाखवायची. राघोभाऊजींचा ट्रॅक्टर फसला होता तो खड्डा दाखवायचा, नमी पडली होती ती जागा दाखवायची. सगळ्यांनी माना डोलावल्या. सासूबाईंनी तर सर्वांत आधी.

माझं दुर्दैव असं की पितृपक्ष चालू होता आणि शुक्रवारी धसईला माझ्या वडिलांचं पान होतं. भावाने आग्रह केला, मी गेले. शनिवारी सकाळी तिथून निघाले, मुरबाडला गाडी बदलली, पुढची गाडी उशिरा लागली. माझं सगळं लक्ष घड्याळाकडे. साहेब येऊन जातील आणि ही माणसं खड्डे दाखवायला लाजतील, एवढीच मला भीती होती. त्याहून मोठं काही होईल हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

धाकलूच्या दुकानापाशी उतरले आणि मला वाटलं, मी चुकीच्या जागी उतरले.

वाट गुळगुळीत होती. खड्डे भरलेले, वर लाल मुरूम पसरून धुमसाने ठोकलेला, धूळ उडू नये म्हणून पाणी मारलेलं. दोन्ही कडांना चुन्याची फक्की, शाळेच्या मैदानावर आखतात तशी सरळ. तोंडाशी दोन बांबू रोवून आंब्याच्या पानांचं तोरण. आणि त्या तोरणाखालून गेलेल्या जीपच्या चाकांच्या ताज्या खुणा थेट आमच्या अंगणापर्यंत.

मी धावले. लग्न होऊन आल्यापासून त्या वाटेवर मी पहिल्यांदा धावले, कारण पहिल्यांदा धावता येत होतं.

अंगणात खुर्चीवर साहेब बसले होते. वयाने तरुण, चेहऱ्याने भले. पुढ्यात बशीभर भजी. सासूबाई पदर सावरून त्यांना आणखी वाढत होत्या. लडकूभाऊजी धुवट सदरा घालून, हात बांधून उभे. राघोभाऊजी आणि साहेबांबरोबर आलेले ग्रामसेवक त्यांच्या शेजारी. आणि नमीचे बाबा, जे मुलीच्या निकालालाही रजा काढत नाहीत, ते गुडघ्यापर्यंत लाल मातीने माखलेले. दोन दिवसांची रजा काढली होती, हे मला मागाहून कळलं.

मी सासूबाईंना आत बोलावलं आणि विचारलं, हे काय केलंत? धोंडीबाई नाव आहे त्यांचं, आणि त्या नावाला जागतात. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच काही वेडंवाकडं बोलले.

“अगो, साहेब पयल्यांदा आपल्या दारात येतो. त्याला काय चिखलातून आनू? लोकं काय म्हनतील, धोंडीबायच्या घरी वाट नाय?”

“आई, वाट नाय हेच तर त्याला दाखवायचं व्हतं.”

“ते सांगितला त्याला तोंडान,” त्या म्हणाल्या आणि भजी घेऊन बाहेर गेल्या.

मी मागोमाग गेले. साहेबांना नमस्कार केला आणि सांगितलं की ही वाट अशी नाही, हे सगळं कालचं आहे, तुम्ही येणार म्हणून या लोकांनी केलंय. साहेब हसले. त्यांना वाटलं मी विनोद करतेय. मी माझ्या फोनमधले जुने फोटो काढून दाखवले. त्यांनी नीट बघितले, मान हलवली, आणि फार सभ्यपणे म्हणाले की ताई, मला जागेवर उभं राहून आजचा फोटो टाकावा लागतो, तारीख आणि ठिकाण त्यावर आपोआप येतं, तुमच्या फोनमधला मला घेता येत नाही. मी म्हटलं, एक पाऊस पडू द्या. ते म्हणाले, पावसानंतर माझा दौरा कुठे असेल ते मलाच माहीत नाही.

चूक त्यांचीही म्हणता येत नव्हती. ज्या वाटेवरून जीप न हिंदकळता आली, ती खराब आहे असं त्यांनी कसं लिहायचं? आणि लडकूभाऊजी तर मधेच अभिमानाने म्हणाले की मुरूम माझ्या माळावरचा आहे साहेब, एक नंबर माल. मला त्यांचं तोंड दाबावंसं वाटलं.

तेवढ्यात गाडीचा आवाज आला.

शनिवारी नमीचं दुकान लवकर बंद होतं. तिने मला फोन केला नव्हता. कोपऱ्यावरून तिची स्कूटर वळली आणि तोरणाखालून आत आली. दोन्ही हात हँडलला घट्ट, कुबडी पुढे आडवी, ओढणी मागे उडतेय. तोंडभर हसत होती. आळीतल्या बाया उठून उभ्या राहिल्या. ती अंगणात आली, तुळशीला वळसा घालून माझ्यापुढे थांबली आणि म्हणाली, “आई, आले.”

माझे डोळे भरून आले. राग आणि आनंद एकदम आले की माणसाने काय करायचं असतं ते मला ठाऊक नाही. मी तिच्या डोक्यावरून हात फिरवत उभी राहिले. साहेबांनाही फार बरं वाटलं. ते म्हणाले, “वा, दिव्यांग मुलगीसुद्धा आरामात येते की.” आणि त्यांनी फोटो काढला. मागे वाट, चुन्याच्या रेघा, पुढे स्कूटरवर माझी हसणारी मुलगी. अहवालाला तोच फोटो लागला. शेरा असा, की वाट वापरात असून सुस्थितीत आहे, तूर्त दुरुस्तीची आवश्यकता दिसत नाही.

फोटो काढताना मला कळायला हवं होतं, पण मी तिच्याकडे बघत होते.

जीप गेली आणि अंगणात सगळे खूश. पाहुणचार झक्क झाला, साहेब चार भजी जास्त खाऊन गेला, आता निधी पक्का. ग्रामसेवकांनी जाता जाता शेरा हळूच सांगितला होता तो मी त्यांना सांगितला. आधी कुणाला खरं वाटेना. मग राघोभाऊजी म्हणाले की चुना मारायला नको होता. चुन्यामुळे चमकला, म्हणे. मग मात्र माझा तोल गेला.

“साहेबासाठी तुमी दोन दिवसांत रस्ता केलात,” मी म्हटलं. “मुरूम होता, घमेली होती, रजापन मिळाली. माझी पोरगी तीन वर्सं याच वाटेनं शहापूरला जाते. तिच्यासाठी कुनी एक घमेलं टाकलं नाय.”

नमी घरात निघून गेली. लडकूभाऊजी चपला शोधू लागले. नमीचे बाबा गुडघ्यावरची माती नखाने काढत बसले.

शेवटी सासूबाई म्हणाल्या, “तिच्यासाठी सरकार करनार व्हता ना.”

मी भांडी घासायला घेतली आणि इतकी आपटली की एका टोपाला पोचा आला.

पुढचा आठवडा मात्र नमीचा होता. ती सकाळी अंगणातून निघायची आणि संध्याकाळी अंगणात यायची. फोन नाही, बाक नाही, पाठुंगळी नाही. एका रात्री तर काहीच काम नसताना गाडी काढली, धाकलूकडे जाऊन मीठ घेऊन आली. घरात मीठ होतं. दोनदा मी तिला गुणगुणताना ऐकलं, आणि प्रत्येक वेळी मी ओट्यावर जाऊन आभाळ बघून आले, कारण तो मुरूम किती दिवसांचा आहे हे मला माहीत होतं.

मला वाटलं होतं परतीचा पाऊस नेईल. पावसाची वाट बघावी लागली नाही. लडकूभाऊजींचं हळवं, लवकर तयार होणारं भात पिवळं पडलं, कापणीआधी शेत सुकायला हवं, म्हणून त्यांनी दरवर्षीसारखा बांध फोडला. दरवर्षीसारखाच वाटेच्या बाजूने. एका सकाळी उठून बघते तर शेतातलं सगळं पाणी त्यांच्या त्या एक नंबर मालावरून घळघळ वाहतंय, खाली राघोभाऊजींच्या खड्ड्यात साठतंय आणि तिथून आमच्या दाराशी. दुपारपर्यंत चुना, मुरूम, सगळं ओहोळात गेलं. तोरणाचे बांबू तेवढे उभे होते.

मी त्यांच्या ओट्यावर गेले आणि विचारलं की दुसऱ्या बाजूने ओढा आहे, तिकडे तोंड का पाडलं नाही? ते खरोखर गोंधळले. म्हणाले, “पानी तर आमी कदीपन इकडूनच काढतो.” त्यांच्या आज्यानेही तिकडूनच काढलं होतं. त्यात त्यांचा काही डाव नव्हता, याचाच मला जास्त संताप आला. डाव असता तर निदान भांडता आलं असतं.

ग्रामसेवक म्हणाले, पुन्हा अर्ज करा, पुढच्या आर्थिक वर्षात बघू, पण आधीचा शेरा आड येईल. वाट सुस्थितीत असल्याचं शासनाने पाहिलेलं आहे.

त्या संध्याकाळी नमीचा फोन आला. ‘आई, आले.’ आवाज नेहमीसारखा ठेवला होता तिने. मी जाऊन दंड पुढे केला आणि ती धरून चालू लागली. लडकूभाऊजींच्या ओट्यासमोर आलो तेव्हा तिची कुबडी रुतली. मी ओढून काढेपर्यंत ती एका पायावर, माझ्या खांद्यावर सगळा भार टाकून उभी होती. लडकूभाऊजी वर बसून बघत होते. ती या वेळी मान खाली घालून नव्हती. तिने त्यांच्याकडे सरळ बघितलं, आणि त्यांनी नजर वळवली.

पुढे तीन-चार दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. त्यानंतर एका दुपारी डांबराकडून ठोकण्याचा आवाज यायला लागला. मी जाऊन बघते तर लडकूभाऊजी एकटेच, उघड्या अंगाने, धुमस घेऊन मुरूम ठोकतायत. बांधाला पाडलेलं तोंड बुजवून, ओढ्याच्या बाजूला नवं पाडलं होतं. वाटेला त्यांनी खाली दगड भरले होते, वर डबर, मग मुरूम. साहेबासाठी केलं होतं त्याहून चांगलं.

“आता कोन साहेब येतो?” मी विचारलं. माझी जीभ तशीच आहे.

“साहेब नाय कोनी,” ते मान वर न करता म्हणाले. “नमी येते ना सा वाजता.”

पुढे बघितलं तर त्यांची वाट त्यांच्या शेताच्या हद्दीपर्यंत येऊन, सुरीने कापल्यासारखी थांबली होती. एक घमेलं पलीकडे नाही. पुढे राघोभाऊजींचा चिखल जसाच्या तसा. मी त्याकडे हात केला.

“ता माजा नाय,” लडकूभाऊजी म्हणाले. “मी माज्या हद्दीचा केला.”

मी कपाळावर हात मारला आणि घरी आले. या माणसांचं करायचं काय, ते देवालाही कळायचं नाही. सहा वाजले तरी फोन आला नाही, म्हणून मीच बाहेर पडले. नमी तोरणाच्या बांबूंमधून स्कूटर आत घेऊन लडकूभाऊजींच्या हद्दीवर, अगदी जिथे मुरूम संपतो तिथे थांबली होती. कुबडी काढत होती. मी जाऊन दंड पुढे केला. आमच्या ओट्यावर तिचे बाबा लवकर सुटून आलेले, चहाचा कप हातात घेऊन आमच्याकडेच बघत होते.

नमीने पुढची वाट एकदा नजरेने मोजली, राघोभाऊजींच्या बांधापासून आमच्या दारापर्यंत.

“चल आई,” ती म्हणाली, आणि आमच्या ओट्यावर ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाली, “आता फक्त राघोकाका नि बाबा राह्यले.”